नीलपक्ष्याची घरटेपेटी आणि तिची राखण

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात फेब्रुवारी महिना सरत आला म्हणजे शेतांच्या कुंपणांवर एक लहानसा पक्षी दिसू लागतो. बर्फ अद्याप पुरते वितळलेले नसते, झाडांना पालवी फुटलेली नसते, आणि अशा उदास पार्श्वभूमीवर त्याचा रंग दुरूनही डोळ्यांत भरतो. नराची पाठ, पंख व शेपूट गडद निळी, गळा व छाती विटकरी आणि पोट पांढरे असते. मादीचे रंग हेच, पण बरेच फिके. आकाराने तो चिमणीहून थोडासा मोठा. वजन सुमारे ३० ग्रॅम. इंग्रजीत त्यास ‘ब्लूबर्ड’ म्हणतात. या पुस्तिकेत आपण त्यास नीलपक्षी म्हणू.

नीलपक्षी हा कस्तूर पक्ष्यांच्या कुळातला आहे. त्याच्या तीन जाती आहेत. पूर्वेकडील जातीचे शास्त्रीय नाव सियालिया सियालिस. पश्चिमेकडील प्रदेशांत पश्चिमी नीलपक्षी व गिरि-नीलपक्षी अशा आणखी दोन जाती राहतात. न्यूयॉर्क व मिसूरी या राज्यांनी पूर्वेकडील नीलपक्ष्यास, तर आयडाहो व नेवाडा या राज्यांनी गिरि-नीलपक्ष्यास आपला राज्यपक्षी मानले आहे.

या पक्ष्याच्या पिसांत निळे रंगद्रव्य मुळीच नसते, हे वाचून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. पिसाच्या तंतूंत हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांवर पडलेल्या प्रकाशापैकी निळा भाग विशेषेकरून परावृत्त होतो, म्हणून पीस निळे दिसते. आपल्याकडील नीलपंख पक्ष्याची गोष्टही अशीच आहे. त्याच्या पिसांचा अभ्यास करून चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ साली पक्ष्यांच्या पिसांतील रंगांच्या उगमाविषयी लेख प्रसिद्ध केला होता. या दोन पक्ष्यांत दुसरेही एक साम्य आहे, आणि आपल्या विषयाचा संबंध त्याच्याशी आहे. दोघेही ढोलीत घरटे करतात. पण ढोली स्वतः कोरण्याचे सामर्थ्य दोघांपैकी एकाच्याही चोचीत नाही.

ढोलीवाचून घर नाही

सुतारपक्षी आपल्या बळकट चोचीने वाळलेल्या खोडात ढोली कोरतो, एक हंगाम तिच्यात पिले वाढवतो आणि पुढच्या वर्षी बहुधा नवी ढोली कोरतो. ही जुनी ढोली हेच नीलपक्ष्याचे घर होय. याखेरीज कुजलेल्या फांदीत आपोआप पडलेली पोकळी किंवा कुंपणाच्या जुन्या लाकडी खांबातील भोक त्यास चालते. परंतु उघड्या फांदीवर काड्यांचे घरटे बांधणे त्याच्या स्वभावात नाही. ढोली मिळाली नाही, तर त्या वर्षी त्या जोडप्यास संतती नाही, इतकी ही गोष्ट सरळ आहे.

एकोणिसाव्या शतकात शेतीचा विस्तार झाला तेव्हा नीलपक्ष्यास प्रथम लाभच झाला. त्यास दाट अरण्य नको असते. जमिनीवरचे टोळ, रातकिडे, भुंगेरे व अळ्या वरून हेरून टिपता याव्यात, यासाठी आखूड गवताची मोकळी जागा व बसण्यास उंच ठिकाण त्यास लागते. जुन्या फळबागा, कुरणे आणि लाकडी खांबांची कुंपणे यांत या दोन्ही गोष्टी होत्या. पुढे वाळलेली झाडे तोडून रान स्वच्छ ठेवण्याची पद्धत पडली, लाकडी खांबांच्या जागी लोखंडी खांब आले, आणि फळबागांत जहाल कीटकनाशके फवारली जाऊ लागली. घर आणि अन्न या दोहोंची एकदमच टंचाई निर्माण झाली.

परदेशाहून आणलेले दोन पक्षी

ज्या थोड्या ढोल्या उरल्या होत्या त्यांवर हक्क सांगणारे दोन नवे प्रतिस्पर्धी मनुष्यानेच आणून सोडले. पहिली आपली परिचित चिमणी. १८५१ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिन येथे इंग्लंडहून चिमण्या आणून सोडण्यात आल्या. त्या रस्त्यांवरील झाडांच्या अळ्या खातील, अशी अपेक्षा होती. दुसरा पक्षी म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातील युरोपीय स्टार्लिंग. १८९० साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे साठ, व पुढील वर्षी आणखी चाळीस स्टार्लिंग सोडण्यात आले. हे दोन्ही पक्षी ढोलीत घरटे करणारे, धीट आणि भांडखोर. दोघांचाही प्रसार पाहता पाहता सबंध खंडावर झाला.

याशिवाय थंडीचे तडाखेही होतेच. नीलपक्षी हिवाळ्यात फार दूर दक्षिणेस जात नाही. रानातील लहान फळांवर तो गुजराण करतो आणि कडाक्याच्या रात्री एकाच ढोलीत अनेक पक्षी एकमेकांस बिलगून झोपतात. १८९५ च्या हिवाळ्यात दक्षिणेकडील राज्यांत हिमवर्षाव झाला आणि हे पक्षी असंख्य मेले. अशा संकटानंतर संख्या भरून येण्यास पुढचे हंगाम भरघोस जावे लागतात; आणि त्यासाठीच ढोल्या नव्हत्या.

१९३० नंतरच्या काळात इलिनॉय राज्यातील क्विन्सी या गावच्या टी. ई. मसलमन यांनी रस्त्यांच्या कडेने ओळीने पेट्या लावून त्यांची नियमित पाहणी सुरू केली. अशा ओळीस ‘नीलपक्ष्यांची वाट’ असे नाव पडले. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्यातून निवृत्त झालेले जीवरसायनशास्त्रज्ञ लॉरेन्स झेलेनी यांनी मेरीलँड राज्यातील बेल्ट्सव्हिल येथे अशी वाट वर्षानुवर्षे सांभाळली. मागील काही दशकांत नीलपक्ष्यांची संख्या नव्वद टक्क्यांपर्यंत घटली असावी, असा त्यांचा अंदाज होता. १९७६ साली त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले, आणि १९७८ साली त्यांच्या पुढाकाराने उत्तर अमेरिकन नीलपक्षी संस्था स्थापन झाली.

पेटीचे माप

घरटेपेटी म्हणजे लाकडाची कृत्रिम ढोली. ती बनवणे शाळेच्या सुतारकामाच्या तासालाही जमण्यासारखे आहे. मात्र मापात कसूर चालत नाही. सर्वांत महत्त्वाचे माप दाराचे. पूर्वेकडील नीलपक्ष्यासाठी हे वाटोळे भोक दीड इंच, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर व्यासाचे ठेवतात. किंचित मोठ्या गिरि-नीलपक्ष्यासाठी ते सुमारे ४० मिलिमीटर असते. एवढ्या भोकातून नीलपक्षी सहज आत जातो, पण अंगाने थोर असलेल्या स्टार्लिंगला आत शिरता येत नाही. दोन मिलिमीटरांच्या फरकाने एक शत्रू कायमचा बाहेर राहतो.

पेटीचा तळ आतून चार ते पाच इंच लांबरुंद असावा. भोक तळापासून पाचसहा इंच वर असावे, म्हणजे मांजराचा किंवा रॅकूनचा पंजा सहजासहजी घरट्यापर्यंत पोचत नाही. तळाच्या कोपऱ्यांत पाणी निथळण्यास आणि छताखाली हवा खेळण्यास फटी हव्यात. नाहीतर उन्हाळ्यात आतील पिले उष्म्याने मरतात. आतील बाजूस रंग देऊ नये. भोकाखाली बसण्यासाठी काडी बसवू नये. नीलपक्ष्यास तिची गरज नसते आणि चिमणीला मात्र तिचा उपयोग होतो. एक बाजू उघडता येईल अशी ठेवावी. न उघडणारी पेटी दिसण्यास कितीही सुबक असली तरी ती या कामाची नव्हे.

पेटी झाडावर न टांगता चार ते सहा फूट उंचीवर गुळगुळीत लोखंडी खांबावर बसवतात आणि खांबाभोवती पत्र्याचे रुंद नळकांडे अडकवतात. रॅकून, मांजर व झाडावर चढणारे साप यांस त्यामुळे वर येणे कठीण जाते. दोन नीलपक्षी जोडप्यांना एकमेकांचा शेजार खपत नाही, म्हणून पेट्यांत सुमारे शंभर यार्डांचे अंतर ठेवतात. झाडपाकोळी नावाचा दुसरा देशी पक्षीही पेटीसाठी झगडतो. त्यावर एक युक्ती निघाली: पंधरावीस फुटांवर दोन पेट्या जोडीने लावायच्या. पाकोळीचे जोडपे एक पेटी घेते आणि दुसऱ्या पाकोळ्यांना जवळ येऊ देत नाही; उरलेली पेटी नीलपक्ष्यास मिळते. वैरी मानलेला शेजारी अशा रीतीने राखणदार होतो.

आठवड्याची फेरी

पेटी लावली म्हणजे काम संपले, असे नवख्या माणसास वाटते. खरे काम तेथून सुरू होते. ज्या पेटीकडे कोणी फिरकत नाही, ती पहिल्या दोन-तीन वर्षांत चिमण्यांचे घर किंवा जुन्या घरट्यांच्या कुजक्या ढिगाने भरलेले खोके होऊन बसते. म्हणून हंगामात आठवड्यातून एकदा तरी, आणि शक्य असल्यास दर तीन-चार दिवसांनी, प्रत्येक पेटी उघडून पाहावी असा दंडक आहे.

पाहण्याचीही रीत आहे. मादी सकाळी अंडे घालते, म्हणून भल्या पहाटे जाऊ नये. पावसात, कडक थंडीत किंवा तिन्हीसांजेस जाऊ नये. पेटीपाशी जाताना हलकेच बोलावे, बाजूस उभे राहून फळीवर बोटाने टकटक करावी, म्हणजे आत बसलेल्या मादीस निघून जाण्यास अवसर मिळतो. मग बाजूची फळी उघडावी, लहान आरशाने घरट्यात डोकावावे, मोजावे आणि फळी बंद करावी. या सर्वास एका मिनिटाहून अधिक वेळ लागू नये. आल्या वाटेने परत न फिरता पुढे निघून जावे. पेटीपर्यंत येऊन तेथेच संपणारी पाऊलवाट व मनुष्याचा वास यांमागून शिकारी प्राणी येण्याचा संभव असतो.

पिलास मनुष्याचा हात लागला तर आईबाप त्यास टाकून देतात, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती खरी नाही. घरट्यातून खाली पडलेले लहान पिलू उचलून परत ठेवल्यास आईबाप त्यास पूर्ववत भरवतात. तरीही विनाकारण हात लावू नये, हेच योग्य. अमेरिकेत १९१८ च्या प्रवासी पक्षी करारविषयक कायद्याने देशी पक्ष्यांची वापरातील घरटी व अंडी यांस संरक्षण दिलेले आहे.

आत कोण राहते हे घरट्याच्या बांधणीवरूनच कळते. बारीक गवताची किंवा पाइन वृक्षाच्या सुयांची नीटनेटकी वाटी असेल तर घर नीलपक्ष्याचे. गवतावर मोठमोठी पिसे अंथरलेली असतील तर पाकोळीचे. खाली हिरवे शेवाळ व वर केसांचा थर असेल तर चिकडी या चिमुकल्या पक्ष्याचे. पेटी काटक्यांनी खच्चून भरलेली असेल तर रेन पक्ष्याचे. आणि गवत, कागदाचे कपटे, चिंध्या, पिसे असा गबाळा पसारा छताला भिडलेला असेल तर घर चिमणीचे, हे निश्चित समजावे.

एका पेटीचा एक हंगाम

आता मेरीलँडमधील एका कुरणाच्या कडेची पेटी कल्पनेने डोळ्यांसमोर आणू आणि तिच्या नोंदपत्रकावर काय काय लिहिले जाईल ते पाहू.

मार्चच्या अखेरीस नर पेटीवर बसून पंख थरथरवतो, चोचीत काडी घेऊन आतबाहेर करतो. हे सारे मादीला घर दाखवण्यासाठी असते. बांधकाम पुढे मादी एकटीच करते. ३ एप्रिलच्या नोंदीत ‘घरटे पूर्ण, रिकामे’ असे येते. ७ एप्रिलला पुन्हा ‘रिकामे’. अननुभवी मनुष्य येथे निराश होतो. पण घरटे पुरे झाल्यावर मादी काही दिवस थांबणे हे नेहमीचेच आहे. ११ एप्रिलला फिकट निळी दोन अंडी दिसतात. मादी दिवसाला एकच अंडे घालते, त्या अर्थी पहिले अंडे १० तारखेस घातले गेले, हे पेटीपाशी कोणी उपस्थित नसतानाही सांगता येते.

त्या दिवशी अंड्यांवर मादी नव्हती. म्हणून ती टाकून दिली, असे समजू नये. शेवटचे अंडे घातल्यावरच ती उबवण्यास बसते. तोपर्यंत पहिली अंडी थंड राहिली तरी बिघडत नाहीत. त्यामुळे सर्व पिले जवळजवळ एकाच दिवशी बाहेर येतात. १५ एप्रिलला पाच अंडी असतात. शेवटचे अंडे १४ तारखेचे धरले, आणि उबवणीस बारा ते चौदा दिवस लागतात हे लक्षात घेतले, तर २६ ते २८ एप्रिलच्या दरम्यान पिले बाहेर यावीत. २८ तारखेस पेटी उघडली असता चार पिले आणि एक न फुटलेले अंडे दिसते.

पिले आंधळी, गुलाबी व जवळजवळ उघडी असतात. आईबाप दिवसभर अळ्या, टोळ व कोळी आणून भरवतात आणि पिलांची विष्ठा पांढऱ्या पातळ पिशवीच्या रूपात चोचीने उचलून दूर टाकतात. म्हणून घरटे स्वच्छ राहते. समजा, मेच्या प्रारंभी तीन दिवस गार पाऊस लागला. पावसात किडे उडत नाहीत, चरत नाहीत. आईबाप भिजत हिंडतात आणि रिकाम्या चोचीने परततात. पाऊस उघडल्यावर ६ मे रोजी पाहणीस गेलेल्या मुलास तीन पिले माना उंचावलेली आणि एक निश्चल पडलेले दिसते. मेलेले पिलू काढून टाकायचे असते. नाहीतर घरटे दूषित होते. हे काम कोणालाच आवडत नाही. पण याच वेळी त्यास दुसरीही गोष्ट दिसते: तीन पिलांच्या पंखांवर पिसांच्या नळ्या फुटल्या आहेत.

पिले बाहेर आल्याचा दिवस पहिला धरला, तर ९ मे हा बारावा दिवस होतो. यानंतर पेटी उघडायची नाही, हा सर्वांत कडक नियम होय. तेराव्या दिवसापासून पिले घाबरून वेळेपूर्वीच बाहेर उडी घेतात. त्या वयात त्यांस उडता येत नाही आणि गवतात ती जगत नाहीत. आजवर ज्याने काळजीने डोकावून पाहिले, त्याने आता तितक्याच काळजीने दूर उभे राहावे. दुर्बिणीतून आईबापांच्या खेपा पाहाव्यात. खेपा चालू आहेत तोवर आत सर्व कुशल आहे.

सतराव्या ते एकोणिसाव्या दिवसाच्या सुमारास पिले एकामागून एक बाहेर पडतात आणि समोरच्या झाडाकडे झेप घेतात. एकदा बाहेर पडलेले पिलू पेटीत परतत नाही. त्यानंतर पेटी उघडतात. घरटे चेपून सपाट झालेले, आत कोणी मेलेले नाही, अशी स्थिती दिसली म्हणजे पत्रकावर शेवटची ओळ लिहिली जाते: अंडी ५, पिले ४, उडाली ३. जुने घरटे काढून पेटी खरवडतात. त्या घरट्याच्या तळाशी काही वेळा करड्या अळ्या सापडतात. त्या एका माशीच्या अळ्या असून पिलांचे रक्त शोषतात. एव्हाना नर त्या तीन पिलांना झाडावर भरवीत असतो आणि मादी दुसऱ्या विणीसाठी गवत शोधू लागलेली असते. एका उन्हाळ्यात अशा दोन, दक्षिणेकडे कधी तीन विणी होतात.

चिमणीचा प्रश्न

या कामातील सर्वांत अवघड भाग अद्याप सांगावयाचा आहे. दीड इंचाच्या दारामुळे स्टार्लिंग बाहेर राहतो. चिमणी मात्र नीलपक्ष्याहून लहान असल्याने सहज आत शिरते. ती अंडी फोडते, पिले मारते, आणि उबवणीस बसलेल्या मादीस आतच गाठून तिच्या डोक्यावर चोचीने प्रहार करून ठारही मारते. कित्येकदा ती मेलेल्या मादीच्या कलेवरावरच आपले घरटे रचते. फेरीवर गेलेल्या शाळकरी मुलाने पेटी उघडावी आणि त्यास हे दृश्य दिसावे, असे प्रसंग अमेरिकेत दुर्मीळ नाहीत.

यावर उपाय काय? पेट्या धान्याची कोठारे व वस्ती यांपासून दूर लावाव्यात. पक्ष्यांसाठी बाजरीसारखे धान्य बाहेर टाकू नये. नीलपक्ष्याचे पहिले अंडे पडल्यावर पेटीच्या छपरावर चकाकणाऱ्या पातळ पट्ट्या टांगाव्यात. चिमणी त्यांस बिचकते, नीलपक्षी लवकर सरावतो. चिमणीचे घरटे पुन:पुन्हा काढून टाकावे. चिमणी व स्टार्लिंग हे परकीय असल्याने तेथील कायद्याचे संरक्षण त्यांस नाही, त्यामुळे काही राखणदार त्यांना सापळ्यात पकडून मारतातही. इतरांना ते पटत नाही. परंतु चिमण्यांना पेटीत वीण करू देण्यापेक्षा ती पेटी उतरवून ठेवणे बरे, या मुद्द्यावर अनुभवी मंडळींचे एकमत आढळते. कारण दुर्लक्षित पेटीतून दर उन्हाळ्यात चिमण्यांची नवी पिढी बाहेर पडते आणि नीलपक्ष्याच्या शत्रूंत भर पडते. न पाहिलेली पेटी निरुपद्रवी नसते. ती अपायकारक ठरते.

ढोलीचे मोल किती असते, याचे एक उदाहरण मुंबईतले आहे. पुढे जगद्विख्यात झालेले पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९०६-०७ च्या सुमारास, अगदी लहान वयात, खेतवाडीतील एका तबेल्याच्या भिंतीतील चिमणीचे घरटे पाहून टिपण लिहिले होते. मादी भोकात अंड्यांवर बसलेली, नर बाहेरच्या खिळ्यावर पहारा करीत. त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने तो नर मारला. थोड्याच वेळात दुसरा नर खिळ्यावर येऊन बसला. सात दिवसांत असे आठ नर त्यांनी टिपले, आणि प्रत्येक वेळी जागा भरून निघाली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी हे टिपण दिले आहे. वाट पाहणारे नर पुष्कळ होते. भोक मात्र एकच होते. एक-दोन चिमण्या मारून पेटी सुरक्षित होत नाही आणि नियमित फेरीवाचून गत्यंतर नाही, याचे कारण या मुलाच्या टिपणातही वाचता येते.

नोंदपत्रकाचे मोल

एका पेटीचे पत्रक ही एका कुटुंबाची हकीकत असते. सहस्रावधी पत्रके एकत्र आली म्हणजे त्यांतून शास्त्र निर्माण होते. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान संस्थेने १९६५ साली घरट्यांची नोंदपत्रके जमा करण्याची योजना सुरू केली. शेतकरी, शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी अशा सर्वसामान्य लोकांनी पाठवलेल्या त्या पत्रकांचीच परंपरा आज ‘नेस्टवॉच’ या उपक्रमात चालू आहे. हंगामाच्या प्रारंभी अंडी अधिक व उत्तरार्धात कमी असतात. काही माद्या निळ्याऐवजी शुभ्र अंडी घालतात. अशा गोष्टी या नोंदींत स्पष्ट दिसतात. एकाच दिवशी घरट्यात दोन अंडी वाढलेली आढळली, तर त्यांतील एक बहुधा दुसऱ्या मादीने गुपचूप येऊन घातलेले असते. एका घरट्यातील सर्व पिले एकाच आईबापांची असतातच असे नाही, हे १९८० नंतरच्या संशोधनाने दाखवून दिले आहे, आणि त्या संशोधनात घरटेपेट्यांचा मोठा उपयोग झाला.

या श्रमांचे फळ मिळाले काय? उत्तर अमेरिकेत वीण करणाऱ्या पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी १९६६ साली सुरू झाली. तेव्हापासून एकविसाव्या शतकापर्यंत पूर्वेकडील नीलपक्ष्यांची संख्या वाढत गेल्याचे तिच्यात दिसते. जहाल कीटकनाशकांवर आलेली बंदी व सौम्य हिवाळे यांचाही त्यात वाटा असणार. पण ज्या प्रदेशात ढोल्या उरल्या नव्हत्या तेथे पेट्यांनी त्या पुरवल्या, हे निर्विवाद आहे. तरीही संकट कायमचे टळलेले नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास व शेजारच्या राज्यांवर थंडीची लाट आली तेव्हा पुष्कळ नीलपक्षी पुन्हा पेट्यांतच गारठून मेलेले आढळले. मसलमन यांनी सुरू केलेले काम अशा रीतीने प्रत्येक वसंतात नव्याने करावे लागते.

भारतीय वाचकांसाठी

नीलपक्षी भारतात नाही, आणि त्याच्या मापाच्या पेट्या येथे लावण्यात अर्थ नाही. परंतु ज्या चिमणीला अमेरिकेत हाकलतात तिच्यासाठी आपण दर २० मार्चला चिमणी दिन पाळतो. तो २०१० पासून पाळला जातो. २०१२ साली दिल्लीने तिला आपला राज्यपक्षी ठरवले. पक्षी एकच, पण कौलारू घरांच्या वळचणी व भिंतींतील कोनाडे नाहीसे झाल्याने येथे तिलाच जागा उरलेली नाही. कोणताही प्राणी मुळातच दुष्ट किंवा सुष्ट नसतो. त्याला कोठून उचलून कोठे नेऊन सोडले, आणि कोणाच्या घरावर कोणाचा हक्क होता, यावर सारे अवलंबून असते.

आपल्याकडे दयाळ, साळुंकी, पोपट, पिंगळा आणि कर्नाटक, ओडिशा व तेलंगण या राज्यांचा राज्यपक्षी असलेला नीलपंख हे सर्व ढोलीत किंवा भिंतीतील भोकांत घरटी करतात. शाळेच्या आवारातील वाळलेले झाड तोडण्यापूर्वी त्यात कोणाचे बिऱ्हाड आहे काय, हे पाहावे. ढोली सापडल्यास तीत हात घालू नये, फांदी वाकवू नये; दूर बसून नुसते पाहावे. एका वहीत तारीख, वेळ आणि जे दिसले तेवढेच लिहावे. कोण आले, चोचीत काय होते, किती वेळाने परतले, आणि कोणत्या दिवशी ढोली शांत झाली. ‘आज काही दिसले नाही’ हीदेखील नोंदच होय. अंडी किंवा पिले घेणे हा तर १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने गुन्हा ठरू शकतो.

एखाद्या वर्गाने एक ढोली एक हंगाम नीट पाहिली, तर पुढील वर्षी त्याच वर्गातील नव्या मुलांनी ती वही उघडावी आणि त्याच तारखांस पुन्हा झाडाखाली जाऊन बसावे. दोन वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे त्यांत जे साम्य व जो फरक दिसेल, तो कोणत्याही पुस्तकात आधी छापलेला नसेल.